जुळी सुई

आमच्या संस्थेत अठरा डॉक्टर आहेत, आणि त्यांतल्या एकालाही साधा ताप उतरवता येत नाही. हे भौतिकशास्त्राचे डॉक्टर. ते अणू बघतात. अणू बघायला सुई लागते, आणि ती सुई करते मी, एल्विरा रॉबर्ट्स. वय एकोणसाठ, शिक्षण शाळेपुरतं, जन्म दक्षिण टोकाच्या पातागोनियातल्या एस्केलचा आणि मरणही बहुतेक इथलंच. तीस वर्षं सुया करते आहे. अठराही जणांनी एकेकदा हात चालवून बघितला. जे निघालं त्याने बटणसुद्धा शिवता आलं नसतं.

सुई करायला अक्कल फार लागत नाही, लक्ष लागतं, आणि तेच यांच्याकडे नसतं. टंगस्टनची तार घ्यायची, कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात बुडवायची, वीज सोडायची. पाण्याच्या पातळीशी तारेची मान झिजत जाते आणि खालचा तुकडा आपल्याच वजनाने तुटून पडतो. तो पडला त्याच क्षणी वीज तोडायची. डोळ्याचं पातं लवलं तरी टोक बोथट. चांगली साधली तर टोकाला शेवटी एकच अणू पुढे उभा राहतो. ही सुई नमुन्याला शिवत नाही. केसाच्या जाडीच्या लाखाव्या हिश्श्याइतकं अंतर ठेवून ती वरून फिरते, मधल्या फटीतून किंचित वीज झिरपते, आणि ती कमीजास्त होईल तसा पडद्यावर एकेक अणू उमटतो. सुई नमुन्यावर आपटली तर मात्र टोक फाटतं आणि एकाऐवजी दोन अणू पुढे येतात. मग फाटक्या निबने लिहावं तसं होतं, प्रत्येक रेघ दोनदा. तिला आम्ही जुळी सुई म्हणतो. जुळी सुई झाली की वहीत लिहायचं, सुई बदलायची आणि तोंड बंद ठेवून पुन्हा कामाला लागायचं. एवढं शेंबड्या पोराला कळतं. संचालकांना कळेलच असं नाही.

संचालक म्हणजे डॉक्टर लेआंद्रो इरिबार्ने. रुपेरी केस, गळ्यात लोकरीचा मफलर, तो जूनच्या बर्फातही आणि जानेवारीच्या उन्हातही. यंत्राला त्यांनी नऊ वर्षं हात लावला नव्हता. यंत्राबद्दल बोलायचे मात्र रोज. उंटावरून शेळ्या हाकण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नाही.

काम करणारी एकच होती, डॉक्टरांच्या हाताखाली प्रबंध करणारी नोएमी न्यांको. बाप रस्त्यावरचं बर्फ काढणारं यंत्र चालवतो, आई शाळेत स्वयंपाक करते, आणि ही पाच वर्षं एका काळ्या स्फटिकाच्या मागे लागलेली. अभ्रकासारखे त्याचे पापुद्रे निघतात. चिकटपट्टी लावून वरचा पापुद्रा ओढला की खाली कोरी जागा. हा स्फटिक एरवी वीज नेतो, पण गार करत नेला की एका थंडीला खेचरासारखा अडून बसतो. का अडतो, हा प्रश्न. नोएमीने त्याचं उत्तर शोधलं ते असं. स्फटिकात अणूंच्या रांगा असतात आणि रांगांत मधूनच एखादी जागा रिकामी असते, पडलेल्या दातासारखी. अशा प्रत्येक खड्ड्यावर ती सुई थांबवायची, विजेचा दाब थोडाथोडा वाढवायची आणि किती वीज झिरपते ते लिहून ठेवायची. खड्ड्यांत इलेक्ट्रॉन अडकून पडतात, हे तिला दिसलं. वेगवेगळ्या आचेवर भट्टीतून काढलेले अकरा तुकडे होते. ज्यात खड्डे जास्त, तो आधी अडायचा. चार हजार खड्डे तिने असे एकेक करून मोजले. याला मी काम म्हणते.

डॉक्टरांना ते उत्तर पसंत नव्हतं.

"खड्डे?" ते म्हणाले होते. "नोएमी, बाळा, खड्ड्यांसाठी कोण टाळ्या वाजवतं? आपल्या रस्त्यांवर काय कमी आहेत?"

मार्चच्या चौदा तारखेला राजधानीतून टीव्हीवाले आले. अणू बघण्याचं यंत्र, पातागोनियाचा वारा, मफलरातला शास्त्रज्ञ, असा त्यांचा कार्यक्रम होता. डॉक्टर स्वतः यंत्रावर बसले. आम्हाला म्हणाले, "गर्दी नको, बाहेर थांबा." नोएमी आणि मी तासभर जिन्यावर बसून येर्बाचा कडू काढा पीत होतो. साडेचार-पावणेपाचला डॉक्टर बाहेर आले. चेहरा असा, जणू स्वतःच बाळंत झालेत. हातात छापलेलं चित्र. त्यात अणू एकेकटे नव्हते, जोडीजोडीने उभे होते.

"जोड्या!" डॉक्टर ओरडले. "थंडीत हे अणू जोड्या जमवतात! इलेक्ट्रॉन त्या जोड्यांत कुलूपबंद होतात, म्हणून वीज अडते! पाच वर्षं तू खड्ड्यांत बघत बसलीस, नोएमी!"

कॅमेरावाल्याने ते दोनदा बोलायला लावलं. दुसऱ्या वेळी डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणीही आलं.

त्यानंतर गाव बिघडलं. वर्तमानपत्राने मथळा दिला, "अणूंचंही लग्न होतं". कोपऱ्यावरच्या बेकरीने दोन-दोन चंद्रकोरी पाव एकमेकांना चिकटवून 'अणुजोडी' म्हणून विकायला काढले. पाव कालचेच, नाव तेवढं नवं. पाद्रीबाबांनी रविवारी प्रवचनात सांगितलं की एकटं राहणं अणूलाही मानवत नाही. मी एकवीस वर्षं विधवा, पहिल्याच बाकावर बसले होते. चित्र परदेशातल्या मोठ्या मासिकाकडे गेलं, आणि डॉक्टरांनी हुकूम काढला: ती सुई भाग्याची आहे, तिला कोणी हात लावायचा नाही. म्हणजे माझ्या कपाटात चाळीस नव्या सुया पडून, आणि यंत्रात तीच. मग काय, जो येईल त्याला जोड्या दिसायला लागल्या. अठरा डॉक्टर रांगेने आत जात आणि जोड्या बघून बाहेर येत. एकालाही वाटलं नाही की अरे, सगळीकडेच कशा?

मला वाटलं, पण तेही उशिराच. मेमध्ये डॉक्टरांनी ते चित्र दर्शनी भिंतीवर रंगवून घेतलं, चार मीटर रुंद. उद्घाटनाला नगराध्यक्ष आले, शाळेची पोरं आली, नोएमीच्या आईने तळलेल्या पुऱ्या आणल्या. सगळे अणूंच्या जोड्या बघत होते. मला बघायला राहिले खड्डे. चित्रात सहा रिकाम्या जागा होत्या आणि प्रत्येकीच्या शेजारी, तेवढ्याच अंतरावर, त्याच दिशेला, दुसरी रिकामी जागा. डाव्या कोपऱ्यात कचऱ्याचा एक ठिपका होता. त्यालाही जुळा भाऊ होता.

अणूंनी लग्न केलं, समजू शकते. कचऱ्याने कोणाशी केलं?

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांच्या खोलीत गेले.

"डॉक्टर, सुई जुळी आहे."

"कुठली?"

"भाग्याची. चित्रातले खड्डेसुद्धा जोडीने आहेत. कुठेतरी आपटली असणार."

त्यांनी मफलर सारखा केला. "एल्वी, मी आपटली असं म्हणतेस?"

"मी म्हणत नाही. टोक म्हणतंय."

"मग एक सांग. सुई जुळी असेल तर ती केली कोणी? बाजारातून आणली का आपण?" ते हसले, अगदी प्रेमाने. "मी मासिकाला कळवतो हवं तर, की आमच्या बाईंच्या हाताला आता वय झालंय. लिहू?"

नाचता येईना अंगण वाकडं, हे मी जन्मभर ऐकत आले. पण अंगण माझं होतं. तीस वर्षांत माझी सुई वाईट निघाली असं कोणी म्हटलं नव्हतं. मी उठले, दार ओढून घेतलं आणि तळघरात जाऊन सोड्याचं पाणी बदललं. बदलायची गरज नव्हती.

मग मी नोएमीला सांगितलं.

"दोन्या एल्विरा," ती म्हणाली (वडीलधाऱ्या बाईला आमच्याकडे 'दोन्या' म्हणतात), "बोलून काही व्हायचं नाही. नमुना फिरवू या."

ही युक्ती साधी आहे. जोड्या स्फटिकाच्या असतील तर स्फटिक पाव वळण फिरवल्यावर त्याही फिरतील. सुईच्या असतील तर जिथल्या तिथे राहतील, कारण सुई आपण फिरवलेली नाही. एवढी परीक्षा तीन महिन्यांत एकाही डॉक्टरने केली नव्हती. करायचीच नव्हती.

आम्हाला शांत वेळ हवी होती. यंत्र तळघरात, वाळूच्या पेटीत, हवेच्या गाद्यांवर. तरी बाहेर ट्रक गेला की पडद्यावर थरथर उमटते, आणि वारा सुटला की कामच बंद. पण जून होता आणि फुटबॉलचा विश्वचषक चालू होता. शनिवारी सकाळी अकराला आपला संघ खेळणार होता, आणि आपला संघ खेळत असताना या देशात कुत्रंसुद्धा रस्ता ओलांडत नाही. शुक्रवारी आम्ही नमुना काढून आडवा चिकटवला, पुन्हा आत घातला, गार करत ठेवला. शनिवारी अकराला संस्थेत आम्ही दोघीच होतो. वारासुद्धा सामना बघायला बसला होता.

रेघा सरळ येत होत्या, अशा सरळ मी कधी बघितल्या नव्हत्या. एकदाच अर्ध्या पडद्याला दोन रेघा वेड्यावाकड्या झाल्या.

"गोल झाला," मी म्हटलं.

"कोणाचा?"

"आपला. त्यांचा असता तर रेघ हललीच नसती."

नोएमी हसली. मग चित्र पूर्ण झालं आणि तिचं हसू थांबलं. अणूंच्या रांगा आडव्याच्या उभ्या झाल्या होत्या, जशा व्हायला हव्या तशा. जोड्या मात्र पूर्वीच्याच दिशेला, डावीकडून उजवीकडे, तेवढ्याच अंतरावर. स्फटिक फिरला, जोड्या फिरल्या नाहीत. मग मी माझ्या कपाटातली नवी सुई घातली. अणू एकेकटे. खड्डे एकेकटे. नोएमीचे चार हजार खड्डे खरे होते.

"संपलं," मी म्हटलं. "सोमवारी नेऊन त्याच्या तोंडावर फेक."

सोमवारी ती गेली. मी जिन्यात उभी होते. पाऊण तास आतून फक्त डॉक्टरांचा आवाज येत होता, समजावणीचा, मधाळ. ती बाहेर आली तेव्हा हातातलं चित्र गुंडाळलेलं होतं.

"काय म्हणाला?"

"ऑगस्टमध्ये प्रबंधाची परीक्षा. सादरीकरणात जोड्या आल्या तर ते सही करतील, आणि नंतर संस्थेत पद. नाहीतर दुसरा मार्गदर्शक शोध म्हणाले." ती भिंतीकडे बघत बोलत होती. "दुसरा मार्गदर्शक या देशात या विषयात नाही, दोन्या एल्विरा. पाच वर्षं जातील."

"आणि तू काय म्हणालीस?"

"हो म्हणाले."

मला वाटलं हिच्या कानाखाली द्यावी. माझ्या सुईला, माझ्या हाताला नावं ठेवून झाली होती. खरं काय ते या पोरीने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. आणि पदाचं गाजर दिसताच मान खाली. मला वाटलं होतं ही वेगळी आहे. कसली वेगळी? एकोणिसावी डॉक्टर. मी स्वतः का बोलले नाही, असं कोणी विचारेल. मी सुया करणारी बाई, माझं कोण ऐकणार होतं? निदान मी स्वतःला तसं सांगत होते, आणि ते ऐकायला बरं वाटत होतं.

दोन-तीन दिवसांनी ती माझ्या खोलीत आली. किटली ठेवली, काढा प्यायच्या वाळक्या भोपळ्यात येर्बा भरली, पहिला घोट स्वतः घेऊन दुसरा भरून माझ्या पुढे केला.

"मला तुमच्याशी बोलायचंय," ती म्हणाली. "मी एक विचार केलाय..."

मी घोट घेतला, भोपळा तिच्या हातात परत दिला आणि म्हटलं, "आभारी आहे."

आमच्याकडे हे म्हटलं की पुढचा घोट नको. पहिल्याच घोटाला म्हटलं की तुझ्या हातचं काहीच नको. तिचा हात तसाच राहिला. मग तिने किटली उचलली आणि गेली. मला छान वाटलं, खोटं कशाला बोलू?

जुलैच्या शेवटी प्रबंधाची प्रत माझ्या टेबलावर आली, जाडजूड, दोनशेच्या वर पानं. मध्ये कुठेतरी लाल दोऱ्याची खूण घातलेली. वर लिहिलं होतं, "दोन्या एल्विरा, तुमच्यासाठी. नक्की वाचा." दीड महिना खोटं शिजवायचं आणि वर वाढायला मलाच बोलवायचं! सोड्याच्या बरणीखाली काहीतरी ठेवायला हवंच होतं. मी ते ठेवलं.

ऑगस्टमधली परीक्षा. सभागृह भरलेलं. बाहेर वाऱ्याने पत्रे वाजत होते. परीक्षक तिघे, बाहेरगावचे. एक उकाड्याने पेंगलेला, कारण डॉक्टरांनी शेगडी थेट त्याच्या पाठीशी लावली होती. दुसरा परदेशी मासिकाची आणि डॉक्टरांची स्तुती करण्यात गुंतलेला. तिसऱ्या बाई पानं उलटत होत्या, पण पुढून, आणि तेही सावकाश. नोएमी काळ्या झग्यात उभी होती. सुरुवातीला खड्डे सांगितले, अकरा तुकडे सांगितले, वीज कुठे अडते ते सांगितलं. मग जोड्यांचं चित्र लावलं. "संचालकांनी हे चित्र मिळवलं," एवढंच म्हणाली आणि पुढे गेली. मला वाटलं, वा! विकायचं तर नीट तरी विकावं.

परीक्षकांनी प्रश्न विचारले. पहिल्याने विचारलं, आलेखातले ठिपके निळेच का? दुसऱ्याने विचारलं, गार करायला हेलियम किती लागला? बाईंनी विचारलं, संदर्भसूचीत एका नावाचं स्पेलिंग चुकलंय का? चुकलं होतं. एवढे रस्ते तुडवून तीन माणसं आली होती ती एवढ्यासाठी.

मग अध्यक्षांनी नियमाप्रमाणे मान वर केली. "श्रोत्यांपैकी कोणाला काही विचारायचंय?"

अठरा डॉक्टर पायांकडे बघत होते. नोएमी मात्र माझ्याकडे बघत होती. सरळ, सगळ्यांच्या डोक्यांवरून, बराच वेळ. अध्यक्ष पुन्हा म्हणाले, "कोणालाही?" ती अजून बघतच होती. माझी परवानगी मागतेय की क्षमा, मला कळेना. मी मान फिरवली आणि खिडकीबाहेर वाकलेलं पॉपलरचं झाड बघत बसले.

सर्वोच्च श्रेणी मिळाली. टाळ्या. डॉक्टरांनी मफलर सावरून तिला मिठी मारली, फोटो काढला, मग दुसरा काढला कारण पहिल्यात ते नीट दिसत नव्हते.

बाहेर पोरंपोरी अंडी आणि पीठ घेऊन तयार होती. डॉक्टर झालेल्याला आमच्याकडे असंच नेतात घरी, पिठाने माखून, अंड्यांनी चिकट करून. तिची आई रडत होती आणि पीठही मारत होती. बापाने एक अंडं अगदी हळूच डोक्यावर फोडलं, जणू ती मोडेल. कोणीतरी माझ्याही हातात अंडं दिलं. मी ते जरा जास्तच जोराने मारलं. कानाशी फुटलं.

गर्दी पांगल्यावर ती पायरीवर बसून केसांतली टरफलं काढत होती. मी जवळून चालले होते.

"दोन्या एल्विरा."

"अभिनंदन, डॉक्टर," मी म्हटलं. डॉक्टर या शब्दावर जेवढं थुंकता येईल तेवढं थुंकले.

तिने ते मनावर घेतलं नाही. "तुम्ही विचारलं का नाहीत?"

"काय विचारायचं होतं?"

"पान एकशे सत्त्याऐंशी." तिने डोळ्यावरचा बलक पुसला. "तुम्ही वाचलं नाहीत?"

माझ्या डोळ्यांपुढे सोड्याची बरणी आली.

"फिरवलेली दोन्ही चित्रं आहेत तिथे. परिशिष्टात. शेजारीशेजारी. डॉक्टर परिशिष्ट वाचत नाहीत, सही करून टाकली. मी स्वतःहून दाखवलं असतं तर त्यांनी तिथल्या तिथे सही मागे घेतली असती. पण श्रोत्यांनी विचारलं की उमेदवाराने उत्तर द्यायलाच लागतं, मार्गदर्शकाला अडवता येत नाही. तो नियमच आहे. एक जण उठून नुसतं म्हणाला असता, 'पान एकशे सत्त्याऐंशी दाखवा,' तर पुढचं सगळं मी बोलले असते. उत्तर पाठ होतं माझं. परीक्षकांवर माझा भरवसा नव्हताच. तुमच्यावर होता."

"मला सांगायचंस!"

"सांगायला आले होते की. तुम्ही पहिल्याच घोटाला आभार मानलेत." ती उठली. झग्यावरून पीठ पडलं. "मग प्रत दिली. खूणसुद्धा घातली होती."

"आता काय? आता पद तर मिळेल तुला." इतकं सगळं ऐकूनही माझ्या तोंडून हेच निघालं.

"पद मी कालच नको म्हणून कळवलं. सोमवारच्या बसने नेउकेनला चाललेय. शाळेत शिकवायला." मग ती आईच्या मागून चालायला लागली. वाऱ्याने तिच्या अंगावरचं पीठ उडत होतं.

मी तळघरात गेले. बरणी उचलली. प्रबंधाच्या कव्हरवर सोड्याचं पांढरं वर्तुळ उमटलं होतं आणि लाल दोरा चेपून कागदाला चिकटला होता. नखाने सोडवला.

पान एकशे सत्त्याऐंशी. दोन चित्रं, त्या शनिवारची. एकात ते गोलाचे दोन ओरखडेही तसेच ठेवलेले. आणि खाली बारीक अक्षरांत टीप:

"वरील चित्रांतील जोड्या नमुन्यासोबत फिरत नाहीत, त्या सुईच्या आहेत. यंत्राच्या स्वयंचलित नोंदीनुसार १४ मार्च रोजी दुपारी चार वाजून सतरा मिनिटांनी सुई नमुन्यावर आपटली. त्या क्षणापर्यंतच्या प्रत्येक चित्रात ती एकटोकी आणि निर्दोष आहे. सुई बनवणारी: एल्विरा रॉबर्ट्स."

मी ते उभ्यानेच वाचलं, मग बसून पुन्हा वाचलं. माझ्या हातासाठी ती एकटी बोलली होती, आणि तिच्यासाठी मला फक्त चार शब्द बोलायचे होते. लाज वाटली. इतकी लाज मला उभ्या आयुष्यात वाटली नव्हती, आणि ती कोणाला सांगावी तर सांगण्यासारखं माणूस सोमवारच्या बसने चाललं होतं.

तीस वर्षं मी या इमारतीतल्या प्रत्येकाला नावं ठेवत आले. त्या दिवशी ठेवायला एकच नाव उरलं होतं, आणि ते त्या पानावर छापलेलं होतं.